मंडला आणि चक्रव्यूह काढताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात वाचनालयाच्या मागच्या खोलीत रविवारी दुपारी काही जण मंडला, म्हणजे एका मध्याभोवती वर्तुळावर्तुळानं वाढत जाणारी नक्षी, काढायला बसतात. त्यात शेतकरी आहेत, अंगणवाडीच्या ताई आहेत, कॉलेजची पोरंपोरी आहेत, निवृत्त पोस्टमन आहेत. नवीन येणारे आणि आजूबाजूच्या गावांतून फोन करणारे जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. बरेचसे प्रश्न विचारले गेले तसेच ठेवले आहेत.

मले चित्र काढता येत नाही. हे जमंल का?

जमेल. बैल काढायचा तर तो बैलासारखा दिसावा लागतो. मंडलात असं बघून काढायचं काही नसतं. पाकळी शेजारच्या पाकळीएवढी झाली की झालं. वर्तुळं कंपास काढतो, भाग कोनमापक पाडतो, सरळ रेघा पट्टी मारते. तुमच्या हाताला एक छोटी वळणदार रेघ उरते, आणि ती पुन्हा पुन्हा काढायची असते.

दारात ठिपक्यांची रांगोळी टाकणाऱ्या बाईला यातलं निम्मं काम आधीच येतं. ठिपके मोजणं, रेघ कुठून कुठे न्यायची हे नजरेनं ठरवणं, एक बाजू झाली की दुसरी तिच्याशी जुळवणं, हे सगळं तिच्या बोटांत असतं. आमच्या गटात सगळ्यात स्वच्छ काम अशाच एका काकूंचं आहे. शाळा सुटल्यावर त्यांनी हातात पेन धरलं ते फक्त सहीपुरतं.

साहित्य काय लागते? तालुक्याले मिळते का?

शाळेची कंपासपेटी, एचबी पेन्सिल, खोडरबर, काळं जेल पेन आणि कागद. तालुक्याच्या कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात हे मिळतं. घरात पोरं असतील तर बहुतेक गोष्टी दप्तरातच सापडतील.

पैसे टाकायचेच असतील तर कंपासवर टाका. पेटीतला स्वस्त कंपास सांध्यात ढिला असतो. वर्तुळ फिरवता फिरवता तो पाव मिलिमीटर उघडतो आणि शेवटचं टोक सुरुवातीच्या टोकाला भेटतच नाही. घेताना पाय उघडून बघा. थोडं जड जायला हवं. घरातला कंपास ढिला असेल तर वरचा स्क्रू छोट्या पेचकसानं आवळा. पेन्सिलचं टोक आणि सुईचं टोक एका पातळीत आणा, मग वर्तुळ सरळ निघतं. कागदाखाली जाड पुठ्ठा किंवा चार घड्या घातलेलं वर्तमानपत्र ठेवा, म्हणजे सुई रुतते आणि सरकत नाही. एकाच मध्यावर बरीच वर्तुळं काढली की भोक मोठं होतं, म्हणून कागदाच्या मागच्या बाजूला मध्यावर आधीच चिकटपट्टीचा तुकडा लावून घ्यावा.

कागद झेरॉक्सचा चालतो, पण जेल पेन त्यावर किंचित पसरतं. ड्रॉइंगची वही किंवा कार्ट्रिज पेपर असेल तर रेघ धारदार येते. चार-सहा महिने रमलात तर बारीक टोकाची ड्रॉइंग पेनं घ्या. सकुरा कंपनीच्या मायक्रॉन पेनात ०१ नंबर म्हणजे पाव मिलिमीटरची रेघ आणि ०५ म्हणजे ०.४५ मिलिमीटरची. शाई वाळली की पाण्यानं फुटत नाही. पण त्या एका पेनाच्या पैशात साधी जेल पेनं मूठभर येतात. पहिल्या दिवशी त्यावर खर्च करू नका.

पहिला मंडला नेमका कसा काढायचा? पायरीपायरीनं सांगा नं.

ए-फोर कागद घ्या. मध्य काढा आणि त्यावर पेन्सिलीनं अगदी फिकट वर्तुळं काढा, १, २, साडेतीन, ५, ७ आणि ९ सेंटीमीटर त्रिज्येची. अंतरं मुद्दाम सारखी ठेवायची नाहीत. सगळ्या पट्ट्या एका रुंदीच्या झाल्या की नक्षी मेल्यासारखी दिसते. मग कोनमापक मध्यावर ठेवून दर ३० अंशांवर खूण करा आणि मध्यापासून बाहेरच्या वर्तुळापर्यंत रेघा ओढा. १२ भाग झाले. हे झालं जाळं. जाळं चोख असेल तर वरची नक्षी सहसा बिघडत नाही, म्हणून पहिली २० मिनिटं यातच गेली तरी जाऊ द्या.

आता पेन घ्या आणि आतून बाहेर जा. मधल्या छोट्या वर्तुळात एक भरीव ठिपका द्या. त्याच्या बाहेरच्या पट्टीत पाकळ्या. पाकळीचं टोक बाहेरच्या वर्तुळावर, बरोबर रेघेवर ठेवायचं. तिचा पाया आतल्या वर्तुळावर, दोन रेघांच्या मधोमध टेकवायचा. पाकळी एकेक पूर्ण करत बसू नका. आधी बाराही पाकळ्यांची डावी बाजू काढा, मग कागद फिरवून बाराही उजव्या बाजू. एकच वळण सलग काढलं की हात ते धरून ठेवतो आणि पाकळ्या सारख्या होतात.

पुढच्या पट्टीत टोकं रेघांच्या मध्ये येऊ द्या, म्हणजे मागच्या पाकळ्यांच्या फटीतून नवीन पाकळ्या डोकावतात. त्याच्या पुढे कमानी, जाळी, उभ्या बारीक रेघा, कोयरी, ठिपक्यांच्या ओळी, जे सुचेल ते. नियम एवढाच की एका भागात जे काढलं ते सगळ्या भागांत काढायचं. एक पट्टी गच्च भरली तर तिच्या शेजारची मोकळी ठेवा. नवीन माणूस हमखास सगळंच भरतो आणि मग डोळ्याला थांबायला जागा राहत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: मनगट वळवू नका, कागद फिरवा. तुम्ही काढत असलेला भाग कायम तुमच्या समोर, एकाच बाजूला यायला हवा. डावखुऱ्यांनीही तेच करायचं, फक्त उलट दिशेनं फिरवायचं.

शाई पूर्ण वाळल्यावरच पेन्सिलीचं जाळं खोडा. घाई केली की खोडरबर शाई ओढत नेतो आणि पांढऱ्या जागेवर राखेचा पट्टा उमटतो.

कोनमापक नाही, किंवा त्यावरचे आकडे पुसले गेले आहेत. मग?

कंपास पुरतो. वर्तुळ काढल्यावर कंपासचं माप न बदलता त्याच वर्तुळावर एका बिंदूपासून खुणा करत जा. त्रिज्या परिघावर बरोबर सहा वेळा बसते. सहा भाग मिळाले, प्रत्येक कोन दुभागला की बारा. आठ हवे असतील तर दोन रेघा काटकोनात ओढून त्यांचे कोन दुभागा, पुन्हा दुभागलेत की सोळा.

सात भागांचा मंडला पुष्कळांना हवा असतो, कारण सात आकडा सगळ्यांनाच प्रिय. पण ३६० ला ७ नं भागलं तर उत्तर ५१.४२ च्या पुढे लांबतच जातं, आणि नुसत्या पट्टी-कंपासनं नेमका सप्तकोन काढणं अशक्य आहे हे पियेर वाँत्झेल या फ्रेंच गणितज्ञानं १८३७ मध्ये सिद्ध केलं. कोनमापकानं साधारण ५१ अंश आणि थोडं वर धरून शेवटचा भाग डोळ्यांनी जुळवला तर बघणाऱ्याला कळत नाही. करायला हरकत नाही, पण पहिल्याच कागदावर नको.

कुठल्या आकड्यापासून सुरुवात करावी?

आठ किंवा बारा. आठ भागांत हात मोकळा चालतो, बारा भागांत नक्षी भरलेली दिसते. गटातल्या काही जणांनी आठ आऱ्यांचं धम्मचक्र मध्यावर घेऊन त्याभोवती मंडला उभारला आहे, तो फार देखणा झाला. अशोकचक्राला २४ आरे, म्हणजे दर १५ अंशांवर एक. ते चोख आलं की जाळं पाडण्यात तुम्ही पक्के झालात असं समजा.

हे सगळं ठीक. पण यात ध्यान कुठं आलं?

कागद फिरवण्यात आणि तीच रेघ पुन्हा काढण्यात. काय होतं ते सांगतो. पहिल्या दोन-तीन पाकळ्यांना डोकं चालू असतं: टोक बरोबर आलं का, जाडी सारखी आहे का. चौथ्या-पाचव्या पाकळीला हात स्वतःच चालायला लागतो. इथे मन पळतं. बियाण्याच्या उधारीकडे जातं, पोरीच्या ॲडमिशनकडे जातं. तेवढ्यात पेन रेघेपाशी पोचतं आणि टोक बरोबर टेकवायचं असतं, म्हणून मन परत कागदावर येतं. मग पुढची पाकळी. तुम्ही मनाला ओढून आणत नाही, रेघ आणते. डोळे मिटून बसायला सांगितलं की ज्यांना पाच मिनिटांत अस्वस्थ वाटतं, अशा माणसांना हा मार्ग सोपा पडतो, कारण हाताला काम असतं आणि डोळे उघडे असतात.

पेनाचा वेग श्वासाएवढा ठेवा. वळण काढताना श्वास सोडायचा, कागद फिरवताना घ्यायचा. चार-दोन कागदांनंतर हे आपोआप होतं. बोलत बोलत काढलं तरी नक्षी छान होते, पण मन निवत नाही. म्हणून आमच्याकडे पहिला अर्धा तास कुणी बोलत नाही आणि मोबाईल दाराजवळच्या टोपलीत असतात. तुकडोजी महाराजांच्या गुरुकुंज मोझरी आश्रमामुळे आपल्याकडच्या कित्येक गावांना संध्याकाळच्या सामुदायिक प्रार्थनेची सवय आहे. एकत्र बसून गप्प राहणं अशा माणसांना शिकवावं लागत नाही.

मला स्वतःला यात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे की मंडलात घाई करून काहीच मिळत नाही. बाराव्या पाकळीला पहिल्या पाकळीएवढाच वेळ द्यावा लागतो.

यानं टेन्शन खरंच कमी होते का, का उगाच सांगतात?

थोडं कमी होतं, आणि त्यावर अभ्यासही झाला आहे. २००५ मध्ये नॅन्सी करी आणि टिम कॅसर या अमेरिकेतल्या संशोधकांनी ८४ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. आधी त्यांना मनात भीती जागी होईल असं लिहायला लावलं, मग २० मिनिटं रंगवायला दिलं. काहींना मंडला, काहींना चौकड्यांची नक्षी, काहींना कोरा कागद. मंडला आणि चौकड्या रंगवणाऱ्यांची अस्वस्थता कोरा कागद मिळालेल्यांपेक्षा जास्त उतरली. म्हणजे वर्तुळात जादू आहे असं यातून निघत नाही. हाताला आखीव, गुंतागुंतीचं पण जमण्यासारखं काम मिळालं की मन स्थिरावतं, एवढं निघतं, आणि तेही त्या वेळेपुरतं. स्विस मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंग पहिल्या महायुद्धाच्या शेवटी, १९१८-१९ च्या सुमारास, रोज सकाळी वहीत एक छोटा मंडला काढत असत आणि त्यातून आपल्या मनाची त्या दिवसाची अवस्था ताडत असत.

पण हे औषध नाही. आपल्या जिल्ह्यांत हे स्पष्ट लिहिणं गरजेचं आहे. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, कर्जाचा किंवा नापिकीचा विचार डोक्यातून हटत नसेल, जगणं नको वाटत असेल, तर कागद-पेन बाजूला ठेवा आणि घरच्या कुणाला तरी सांगा. १४४१६ हा सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा नंबर आहे. फोन फुकट लागतो, रात्री-बेरात्री लागतो, मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचा विभाग असतो. तिथे जाण्यात लाजण्यासारखं काही नाही. गटातल्या कुणाला सोबत हवी असेल तर आम्ही येतो.

चक्रव्यूह म्हणजे पेपरात येते ते “वाट शोधा” कोडं का?

नाही. त्या कोड्यात फाटे असतात, बंद गल्ल्या असतात, चुकायची सोय असते. आपण काढतो त्या चक्रव्यूहाला एकच वाट. ती कितीही वळली तरी फाटा नाही. शिरलात की मध्यावर पोचणारच, आणि परतताना तीच वाट बाहेर आणते. इथे रस्ता शोधायचा नसतो, नुसतं चालत राहायचं असतं, म्हणूनच बोटानं किंवा पायानं ही वाट चालणं मनाला बरं वाटतं.

ही आकृती फार जुनी आहे. ग्रीसमधल्या पायलोस इथे सापडलेल्या, सुमारे ३२०० वर्षांपूर्वीच्या मातीच्या पाटीवर ती कोरलेली आहे. क्रीट बेटावरच्या क्नोसोस नगराच्या इसवीसनापूर्वीच्या नाण्यांवरही आहे. आपल्याकडे कर्नाटकातल्या हळेबीडच्या १२ व्या शतकातल्या होयसळेश्वर मंदिरात महाभारत युद्धाचा प्रसंग कोरताना शिल्पकारानं द्रोणांचा व्यूह अशाच वळणावळणाच्या वाटेनं दाखवला आहे. अभिमन्यूला शिरता आलं आणि बाहेर पडता आलं नाही, ती गोष्ट युद्धाच्या १३ व्या दिवसाची. कागदावरचा चक्रव्यूह मात्र परतीची वाट देतो. ज्येष्ठ मंडळींना ही आकृती अशुभ वाटते, त्यांना आम्ही बोटानं आत जाऊन परत यायला सांगतो. त्यानंतर कुणी हरकत घेत नाही.

मग सात फेऱ्यांचा चक्रव्यूह कसा काढायचा?

आधी बीज काढायचं. कागदाच्या मधोमध पण खालच्या बाजूला, ४ सेंटीमीटरच्या दोन रेघांचं अधिक चिन्ह काढा. त्याच्या मध्यापासून वर किमान १० सेंटीमीटर आणि खाली ५ सेंटीमीटर जागा हवी. अधिकच्या चारही घरांत एकेक काटकोन काढा. त्याचा कोपरा अधिकच्या दोन्ही रेघांपासून १ सेंटीमीटरवर आणि त्याचे हात बाहेरच्या दिशेनं १ सेंटीमीटर लांब. मग काटकोनांच्या बाहेर चार कोपऱ्यांत चार ठिपके द्या, म्हणजे अधिकभोवतीच्या ४ सेंटीमीटरच्या चौकोनाचे चार कोपरे होतात. आता मोजा: अधिकची ४ टोकं, काटकोनांची ८ आणि ४ ठिपके, मिळून १६. यांना आठ कमानींनी जोडायचं.

पहिली कमान अधिकच्या वरच्या टोकापासून उजवीकडच्या वरच्या काटकोनाच्या वरच्या टोकाला. अगदी छोटी. तिच्या पोटात मध्य आहे. दुसरी कमान डावीकडच्या वरच्या काटकोनाच्या वरच्या टोकापासून निघून पहिलीच्या डोक्यावरून उजवीकडच्या वरच्या ठिपक्याला. तिसरी डावीकडच्या वरच्या ठिपक्यापासून उजवीकडच्या पुढच्या टोकाला. असंच: डावीकडचं पुढचं मोकळं टोक, वरून वळसा, उजवीकडचं पुढचं मोकळं टोक. एकही टोक सोडायचं नाही आणि दोन कमानींत १ सेंटीमीटर अंतर राखायचं. आठवी कमान खालच्या डाव्या काटकोनाच्या खालच्या टोकापासून निघून सगळ्याला वेढा घालते आणि अधिकच्या खालच्या टोकाला मिळते. त्या दोन टोकांच्या मधली फट हे दार.

काढलेल्या रेघा म्हणजे बांध, आणि वाट त्यांच्या मधून जाते. नवीन माणूस रेघेवरूनच बोट चालवतो आणि अडकतो. दारातून आत शिरलं की पहिल्यांदा बाहेरून तिसऱ्या फेरीत जातो, तिथून दुसरीत, मग पहिलीत. तिथून चौथीत, सातवीत, सहावीत, पाचवीत आणि मग मध्यावर. सातवी फेरी मध्याला लागूनच आहे. तिथे पोचल्यावर वाटतं आलंच, आणि वाट पुन्हा बाहेर नेते. हे पहिल्यांदा बोटानं चालताना प्रत्येकाच्या चेहऱ्यावर दिसतं, आणि मला ते बघायला फार आवडतं.

पहिले दोन-तीन कागद चौकोनी रकान्यांच्या गणिताच्या वहीवर करा. बीज तिथे आपोआप सरळ येतं.

हे कुठल्या धर्माचं आहे? आमच्या घरी चालेल का?

मंडलाची परंपरा बौद्ध आणि हिंदू दोन्हींकडे आहे. तिबेटी भिक्खू रंगीत वाळूचा मंडला दिवसेंदिवस बसून घडवतात आणि विधी झाला की ती वाळू गोळा करून वाहत्या पाण्यात सोडतात. तिबेटी माणसं आपल्यापासून दूरही नाहीत. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ नॉर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत १९७२ पासून आहे. श्रीयंत्रात नऊ त्रिकोण एकमेकांत गुंतून ४३ छोटे त्रिकोण तयार होतात. ते नेमकं काढणं भूमितीच्या दृष्टीनंही कस पाहणारं आहे, आणि ज्यांच्या घरी ते पूजेत आहे त्यांनी घरचा रिवाज पाळूनच काढावं.

आपण रविवारी काढतो ती नुसती नक्षी. तिला मंत्र नाही, सोवळं नाही. आमच्याकडे सगळ्या समाजांची माणसं एका सतरंजीवर बसतात. वर्तुळ मांडायची हौस या मातीत कुठल्याही देवळाच्या आधीपासूनची असावी. नागपूरजवळ काटोल रस्त्यावर जुनापाणीला लोहयुगातली सुमारे ३०० शिळावर्तुळं आहेत. दगड उचलून गोल मांडलेले, खाली दफनं. पोरांना एकदा तरी नेऊन दाखवा.

रेघ चुकली तर काय करू? फाडून टाकू?

फाडू नका. पाकळीचं टोक रेघेबाहेर गेलं असेल तर तिथे छोटा भरीव ठिपका द्या आणि तसाच ठिपका उरलेल्या सगळ्या पाकळ्यांना द्या. शाईचा डाग पडला तर त्याचं पान करा आणि तेच पान सगळ्या भागांत काढा. पांढरं व्हाइटनर लावू नका, चुकीपेक्षा तेच जास्त दिसतं.

हात थरथरते. डोळ्यालेही कमी दिसते. वय झालं.

कोपर टेबलावर टेका, पेन थोडं खाली धरा, आणि रेघ लांब न ओढता छोट्या तुकड्यांत काढा. भाग आठच ठेवा, कागद मोठा घ्या आणि ०.७ चं जेल पेन वापरा. जवळचा चष्मा असेल तर तो लावूनच बसा. उजव्या हातानं काढणाऱ्यांनी उजेड डावीकडून घ्यावा, म्हणजे हाताची सावली रेघेवर येत नाही. अर्ध्या तासानं उठून मान आणि खांदे मोकळे करा. थरथर नवीनच सुरू झाली असेल तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवा.

कापूस वेचणीच्या दिवसांत बोंडाच्या टोकांनी बोटांची पेरं सोललेली असतात, पेन धरवत नाही. पेनावर सुती कापडाची पट्टी गुंडाळली की बरं पडतं. बोट फारच दुखत असेल तर त्या दिवशी आधी काढलेल्या चक्रव्यूहावर दुसऱ्या हाताचं बोट फिरवा, तेही चालतं.

उन्हाळ्यात कागद चिकटते, पावसाळ्यात शाई वाळत नाही.

मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की तळहाताचा घाम थेट शाईवर उतरतो. हाताखाली एक रद्दी कागद ठेवा आणि तो हाताबरोबर सरकवा. कूलरच्या तोंडासमोर बसू नका. त्याच्या ओलसर हवेनं कागद मऊ पडतो, पेनाचं टोक त्याचे तंतू उपटतं आणि रेघ केसाळ होते. पंख्याखाली बसा आणि कागदाच्या चार कोपऱ्यांवर वजन ठेवा. उन्हाळ्यात पहाटेची वेळ सगळ्यात चांगली. पावसाळ्यात जेल पेनाच्या कागदावरचं जाळं दुसऱ्या दिवशी खोडा, आणि पूर्ण झालेले कागद प्लास्टिकच्या फाइलीत, कोंदट भिंतीपासून दूर ठेवा.

शेतीच्या कामात वेळ कुठं भेटते?

रोज २० मिनिटं पुरतात आणि मंडला एका बैठकीत संपवायचा नसतो. एक पट्टी आज, दुसरी परवा. शेतकऱ्याच्या दिवसात थांबण्याचे तुकडे पुष्कळ असतात. रात्रीची थ्री-फेज लाईन यायची वाट बघत मोटरीजवळ बसणं, बाजार समितीत काट्यापुढच्या रांगेत गाडी उभी असणं, दवाखान्यात नंबर यायचा असणं. ते तुकडे आता मोबाईल खाऊन टाकतो. गटातला एक जण वावरातल्या खोपीत कंदिलाजवळ पोस्टकार्डाएवढ्या तुकड्यांवर काढतो. जाळं तो घरूनच पाडून नेतो, तिथे फक्त पेन चालवतो. हा उपाय सगळ्यांनाच सांगण्यासारखा आहे.

हे बायकांचं, पोरींचं काम आहे म्हणतात.

म्हणू द्या. कंपास आणि पट्टी सुतार, गवंडी, लोहार पिढ्यान्‌पिढ्या चालवत आले आहेत.

लहान मुलांना शिकवता येईल का?

आठ वर्षांच्या पुढे कंपास द्यायला हरकत नाही. त्याआधी वाटी आणि ताटली उपडी ठेवून वर्तुळं काढू द्या. शाळेतली मुलं चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट ग्रेड परीक्षेला बसतात, तिथे संकल्पचित्र आणि भूमितीचे पेपर असतात. मंडलाची सवय दोन्हींना थेट उपयोगी पडते. मात्र घरी त्याचीही शिकवणी करू नका. पोरगं गप्प बसून काढतंय तोवर त्याला टोकू नका.

मोबाईलवर ॲप आहे, एक रेघ मारली की बाकीच्या आपोआप येतात. ते नाही का चालणार?

नक्षीची कल्पना सुचायला चालेल. पण उरलेल्या अकरा रेघा ॲपनं काढल्या तर तुमच्या वाट्याला राहिलं काय? ज्या कामानं मन निवतं तेच ते ॲप तुमच्याकडून काढून घेतं.

विकून पैसे मिळतात का?

काहींना मिळतात. फ्रेम, भिंतीवरची घड्याळं, लग्नाच्या पत्रिका यांची कामं येतात. आमचा सल्ला असा की पहिलं वर्ष कुणासाठी काही करू नका. ऑर्डर आली की तारीख येते, आणि तारीख आली की हात पळायला लागतो. नंतर करायचं ठरलं तर विकायचे कागद वेगळे, स्वतःचे वेगळे.

अंगणात किंवा खळ्यावर चालायचा मोठा चक्रव्यूह करता येईल का?

येईल, आणि करावाच. वाट दोन फूट रुंद धरली तर सात फेऱ्यांची आकृती साधारण ३० फूट रुंद होते. दीड फुटाची वाट धरली तर २२-२३ फुटांत बसते, पण मग समोरून येणाऱ्याला जाऊ देताना अंग चोरावं लागतं. फ्रान्समधल्या शार्त्रच्या चर्चमध्ये १३ व्या शतकाच्या सुरुवातीला दगडी फरशीत बसवलेला ११ फेऱ्यांचा चक्रव्यूह जवळपास १३ मीटर व्यासाचा आहे, आणि लोक आजही तो चालतात.

खळ्यावर कंपास म्हणजे खुंटी आणि सुतळी. सुतळी ताणली की लांबते, म्हणून मोठ्या मापाला नायलॉनची दोरी किंवा तार बरी. आधी बीज मांडा, त्याच्या १६ टोकांना १६ खुंट्या ठोका आणि कागदावरचा नकाशा हातात धरून कमानी आखा. वरच्या अर्ध्या भागातल्या सगळ्या कमानींचा मध्य एकच: अधिकचं वरचं टोक आणि त्याच्या उजवीकडचं टोक यांच्या बरोबर मधोमध. तिथे पक्की खुंटी ठोकली की अर्धं काम झालं. रेघा आधी राखेनं टाका, चालून बघा, मग चुना किंवा दगड. एक जण दोरी धरतो, एक रेघ टाकतो, तिसरा नकाशा वाचतो. तिघांपेक्षा कमी माणसांत करू नका.

चालताना अनवाणी चाला, पण काटे आणि सराटे आधी झाडून घ्या. पावसाळ्यात गवत वाढलं की दगडांत साप-विंचू असू शकतात, तेव्हा त्या दिवसांत बंद ठेवा.

रविवारी यायचं असेल तर काय आणावं?

कंपासपेटी, कागद, आणि जवळचा चष्मा असेल तर तो. पेन विसरलात तर मिळेल. दुपारी तीनला बसतो, फी नाही. पेरणीच्या आणि कापूस वेचणीच्या दिवसांत खोली उघडी असते, पण माणसं कमी असतात. तेव्हा आधी वाचनालयात विचारून या.